समांतर मेमरी पूलमधील स्मृतिसुरक्षा

मेमरी पूल म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील, बहुधा सारख्या आकाराच्या कप्प्यांचा आधीच राखून ठेवलेला साठा होय. प्रोग्रामला लागेल तेव्हा साठ्यातून कप्पा दिला जातो आणि काम संपल्यावर तो रिकाम्या कप्प्यांच्या साखळीत, म्हणजे फ्री लिस्टमध्ये, परत येतो. हा व्यवहार अनेक थ्रेड एकाच वेळी करतात, तेव्हा त्यास समांतर मेमरी पूल म्हणतात.

दोषांचे स्वरूप

परत केलेल्या कप्प्याचा पत्ता जवळ ठेवून तो पुन्हा वापरणे हा सर्वांत घातक दोष होय. वसतिगृह सोडून गेलेल्या विद्यार्थ्याने जुन्या किल्लीने दुसऱ्याची खोली उघडावी, तसा हा प्रकार आहे. एकच कप्पा दोनदा परत केल्यास तो पुढे दोन थ्रेडांना दिला जाऊ शकतो.

कुलपाविना चालणाऱ्या साखळीत 'एबीए' हा दोष उद्भवतो. एका थ्रेडला साखळीच्या अग्रभागी 'अ' व त्यामागे 'ब' दिसतो. तो थबकला असता दुसरा थ्रेड दोन्ही कप्पे काढून घेतो आणि फक्त 'अ' परत ठेवतो. पहिल्या थ्रेडला पुन्हा 'अ' दिसल्याने काहीच बदललेले नाही असे वाटते व तो 'ब'ला अग्रस्थानी बसवतो; वस्तुतः 'ब' अद्याप दुसऱ्याच्या वापरात असतो.

पूल असे दोष झाकूनही ठेवतो. ओपनएसएसएलची स्वतःची फ्री लिस्ट होती. हार्टब्लीडनंतर, 2014 मध्ये, ती बंद करून पाहता संकेतावलीत एके ठिकाणी परत केलेला बफर लगेच जसाच्या तसा मिळेल असे गृहीत धरलेले आढळले. अनेक थ्रेड असताना याच दोषामुळे एका जोडणीतील मजकूर दुसरीत मिसळण्याचा धोका होता.

प्रतिबंध

कुलूप, म्हणजे म्यूटेक्स, हा सर्वांत साधा उपाय होय आणि बहुतेक प्रोग्रामांना तो पुरेसा असतो. मात्र कुलूप केवळ साखळीचे रक्षण करते. जुना पत्ता जपून ठेवणाऱ्या थ्रेडला ते अडवू शकत नाही. अग्रभागाच्या पत्त्यासोबत दर बदलाला वाढणारा क्रमांक जोडल्यास एबीए टळतो. मॅगेड मायकेल यांच्या हॅझर्ड पॉइंटर पद्धतीत प्रत्येक थ्रेड आपण वाचत असलेला पत्ता जाहीर करतो व तो मागे घेतला जाईपर्यंत कप्प्याचा पुनर्वापर होत नाही.

लिनक्स कर्नेलमध्ये 2002 पासून असलेली आरसीयू पद्धत जुने वाचक बाहेर पडेपर्यंत स्मृती मोकळी करत नाही. तेथील पूलच्या एका पर्यायात मात्र ही हमी संपूर्ण स्लॅबपुरतीच असते. त्यातील कप्पा तत्काळ दुसऱ्या वस्तूला मिळू शकतो, म्हणून हाती आलेली वस्तू अपेक्षित तीच आहे ना, हे वाचकाने पुन्हा तपासावे लागते. नावामुळे गैरसमज होत असल्याने 2017 मध्ये या पर्यायाचे नाव बदलण्यात आले.

ॲड्रेससॅनिटायझर हे साधन असे दोष शोधते. परंतु कप्पा परत आल्याचे पूलने त्यास स्वतंत्रपणे कळवावे लागते. रस्ट भाषेतील मालकीचे नियम यांतील बरेच दोष संकलनाच्या वेळीच रोखतात. तथापि, पत्त्याऐवजी कप्प्याचा अनुक्रमांक वापरणाऱ्या पूलमध्ये जुना क्रमांक तेथेही चुकीची वस्तू देऊ शकतो. म्हणून क्रमांकासोबत कप्प्याच्या पिढीची नोंद ठेवतात.