रविवारची आई

मंडळी, ह्या वीकेंडचा विषय जरा लांबचा आहे. फिलिपिन्स. आपल्याकडे ह्या देशाची ओळख म्हणजे इमेल्डा मार्कोसबाईंच्या बुटांचा ढीग. फार तर बोटीवर नोकरी करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाने सांगितलेले त्याच्या फिलिपिनो सहकाऱ्यांचे किस्से. पण प्रोजेक्टच्या निमित्ताने मी दोन वर्षं हाँगकाँगला काढली, आणि तिथे राहिलेल्या माणसाला फिलिपिनो म्हटलं की आधी रविवार आठवतो.

सेंट्रल हा हाँगकाँगचा नरिमन पॉइंट समजा. एरवी तिथे टाय लावलेली माणसं धावत असतात. रविवारी मात्र चेटर रोड वाहनांना बंद असतो, आणि त्या रस्त्यावर, पादचारी पुलांवर, एचएसबीसी बँकेच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत हजारो बायका पुठ्ठे अंथरून बसलेल्या असतात. पुठ्ठ्याच्याच बुटक्या भिंती, चपला बाहेर नीट काढून ठेवलेल्या. कुणी पत्ते खेळतंय, कुणी मैत्रिणीचे केस कापतंय, डबे उघडलेत, नाचाची तालीम चाललीये, आणि कुणीतरी कोपऱ्यात फोनच्या स्क्रीनकडे बघत पोराला दम देतंय. नवख्या माणसाला वाटतं, सहल आली आहे. पण ह्या सगळ्या जणी घरकामगार आहेत. उरलेले सहा दिवस दुसऱ्याच्या घरात राहून त्या दुसऱ्याची मुलं सांभाळतात.

रस्ता बंद करण्यामागची गंमत अशी, की 1982 साली तो बंद झाला तो रविवारच्या गिऱ्हाइकांना आरामात हिंडता यावं म्हणून. गिऱ्हाइकं राहिली बाजूला, मोकळी जागा दिसल्यावर तिथे येऊन बसल्या ह्या बायका! दहा वर्षांनी रस्ता पुन्हा वाहनांना खुला करा अशी मागणी झाली, ह्यांना बसायला भूमिगत कार पार्क द्या असंही सुचवलं गेलं. खूप आरडाओरडा झाला. बायका उठल्या नाहीत.

त्या तिथे आल्या कशा, हे बघायला 1974 मध्ये जावं लागतं. फर्डिनांड मार्कोस ह्यांनी 1972 मध्ये मार्शल लॉ लावलेला. 1973 च्या तेलाच्या भडक्याने परकीय चलनाची बोंब. तरुण बेकार, तरुण बेकार म्हणजे रस्त्यावर मोर्चे. अशात 1974 च्या मे महिन्यात नवी कामगार संहिता आली आणि तिच्यात माणसं परदेशी नोकरीला पाठवण्यासाठी चक्क सरकारी मंडळं उभी केली. कल्पना अशी की अर्थव्यवस्था सावरेपर्यंतचा हा तात्पुरता उपाय. आपल्या क्षेत्रात 'टेम्पररी पॅच' कसा पंधरा वर्षं प्रॉडक्शनमध्ये राहतो ते आपल्याला ठाऊक आहेच. हा पॅच पन्नाशी ओलांडून गेला. 2021 च्या अखेरीस कायदा करून त्याच्यासाठी स्वतंत्र मंत्रालय काढलं, आणि 2023 साली परदेशातल्या फिलिपिनोंनी बँकांमार्फत घरी पाठवलेली रक्कम होती सुमारे 33.5 अब्ज डॉलर.

सुरुवातीला जाणाऱ्यांत मुख्यतः पुरुष होते, सौदीतल्या बांधकामांवर. तिकडे हाँगकाँगमध्ये त्याच सुमारास घरोघरी काम करणाऱ्या जुन्या चिनी आमा म्हाताऱ्या होत चालल्या होत्या, आणि तरुण चिनी बायका कारखान्यांत आणि ऑफिसांत जायला लागल्या होत्या. मुलं सांभाळायची कुणी? इंग्रजी येणाऱ्या, शिकलेल्या फिलिपिनो बायका स्वस्तात मिळत होत्या. त्यातल्या कितीतरी गावाकडे शाळेत शिक्षिका होत्या. शिक्षिकेच्या पगारापेक्षा हाँगकाँगमध्ये भांडी घासण्याचा पगार जास्त, हे गणित ज्याला कळलं त्याला पुढचं सगळं कळलं. 2019 च्या अखेरीस हाँगकाँगमध्ये परदेशी घरकामगारांची संख्या चार लाखांच्या घरात होती आणि त्यात निम्म्याहून जास्त फिलिपिनो होत्या.

घरच्या कर्त्याने पोटासाठी दूर जाणं आपल्याला नवं नाही. कोकणातल्या घरांच्या दोन-तीन पिढ्या मुंबईच्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर जगल्या. पण तिथे जायचा तो बाप. आई चुलीपाशी, जागच्या जागी. फिलिपिन्समध्ये झालं ते असं की घरातला जो खांब कधी हलत नाही असं सगळे गृहीत धरतात, तोच उठून विमानात बसला.

मग घरात काय होतं? रासेल पारेन्यास ह्या अभ्यासिकेने मागे राहिलेल्या मुलांवर 2005 साली एक पुस्तक लिहिलंय. त्यातलं एक निरीक्षण माझ्या डोक्यातून जात नाही. आई गेली की बाप तिचं काम उचलेल असं आपल्याला वाटतं. बहुतेक घरांत तसं होत नाही. काम जातं आजीकडे, मावशीकडे, थोरल्या मुलीकडे. आणि आई ती परदेशात बसून करतच राहते: शाळेची फी कधी भरायची, धाकट्याला ताप आलाय तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, तांदूळ किती उरलाय. काही जणी तर स्वतःच्या मुलांसाठी गावातली एखादी गरीब बाई पगारावर ठेवतात. म्हणजे हाँगकाँगच्या मुलाला सांभाळायला मनिलाजवळची आई, तिच्या मुलाला सांभाळायला खेड्यातली आई, आणि त्या खेड्यातल्या आईच्या मुलाला सांभाळायला त्याचीच आठ-दहा वर्षांची बहीण. साखळीचं शेवटचं टोक बिनपगारी.

आता खोक्याबद्दल. ह्याच्याबद्दल मी कितीही बोलू शकतो. 'बालिकबायान बॉक्स' म्हणतात त्याला. बालिकबायान म्हणजे मायदेशी परतणारा. शब्द 1973 चा, परदेशस्थ फिलिपिनोंनी सुट्टीत घरी येऊन डॉलर खर्च करावेत म्हणून मार्कोस सरकारने काढलेल्या योजनेतला. पुढे 1987 मध्ये परदेशातून घरी पाठवलेल्या अशा सामानाला करमाफी मिळाली आणि मग खोक्याचा धंदा फोफावला. साधारण दोन फूट उंचीचं पुठ्ठ्याचं खोकं, बोटीने जाणार, आणि भाडं बहुतेक वेळा वजनावर नाही तर खोक्यावर. त्यामुळे त्यात एक इंचही रिकामा सोडायचा नाही हा नियम. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत चॉकलेटं, टॉवेलात गुंडाळलेले शाम्पू, मटणाचे डबे, कॉफी, टूथपेस्ट. मैत्रिणीला वर बसवायचं आणि चिकटपट्टी मारायची. नाताळला पोचायला हवं तर सप्टेंबर-ऑक्टोबरातच रवाना करायला लागतं, म्हणून सामान जमवणं वर्षभर चालतं: महिन्याला एक साबणाची वडी, सेलमधला एक टी-शर्ट.

ह्यातली बरीचशी वस्तू फिलिपिन्सच्या दुकानात मिळते. मग कशाला? मला वाटतं, पैसा पाठवला की तो फीमध्ये नाहीतर कर्जात जिरतो. खोक्यातला साबण मात्र लेकरू रोज हातात घेतं. आणि बुटाचा नंबर चुकला तर? दोन वर्षांनी एकदा भेटणाऱ्या आईला मुलाचा पाय केवढा झालाय हे माहीत असणं ही केवढी अवघड गोष्ट आहे! त्यासाठी मुलांच्या पावलाभोवती कागदावर पेन्सिल फिरवून तो कागद आईला पाठवायची पद्धत होती.

2015 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या कस्टम्सने ही खोकी उघडून तपासायचं ठरवलं आणि असा काही भडका उडाला की राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो (तिसरे) ह्यांना सरसकट खोकी उघडणं थांबवायला सांगावं लागलं. पुढच्याच वर्षी नव्या कायद्याने करमाफीची मर्यादा दहा हजार पेसोंवरून दीड लाखावर नेली. आईने घडी घातलेल्या कपड्यांत कस्टमवाल्याने हात घालायचा, हे लोकांना सहनच झालं नाही.

सरकारने ह्या बायकांच्या पैशात हात घालायचा प्रयत्न त्याआधीही केला होता. 1982 च्या शेवटी मार्कोसांनी हुकूम काढला: घरकामगारांनी निम्मा पगार सरकारमान्य बँकांमार्फतच मायदेशी पाठवायचा, नाहीतर पासपोर्टचं नूतनीकरण होणार नाही. आता निम्मा पगार तर त्या पाठवतच होत्या. पण कधी, कुणाच्या हाती आणि कुठल्या दराने, हे ठरवणं म्हणजे घर चालवणं. नवरा पिणारा असेल तर पैसे बहिणीच्या हाती द्यायचे, हे बँकेला काय कळणार? हाँगकाँगच्या बायका एकत्र आल्या, 1985 साली त्यांची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी हुकुमातल्या शिक्षा रद्द झाल्या. मार्शल लॉ लावणाऱ्या हुकूमशहाला मोलकरणींनी नमवलं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

संपर्काच्या साधनांबद्दल लिहिल्याशिवाय माझ्यातला इंजिनिअर गप्प बसणार नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात पत्रं आणि कॅसेट. आई रविवारी टेपरेकॉर्डरसमोर बसून तासभर बोलायची, कॅसेट जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायची. उत्तर यायला महिना. घरी फोन असणं दुर्मिळ, कारण एकाच कंपनीची मक्तेदारी आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी. (ओळखीचं वाटतंय ना?) 1993 नंतर फिडेल रामोस ह्यांच्या काळात ही मक्तेदारी मोडली, मोबाइल आले, आणि एसएमएस स्वस्त असल्यामुळे 2000 च्या आसपास हा देश एसएमएसची राजधानी म्हणून ओळखला जाऊ लागला.

मिर्का मादियानू आणि डॅनिएल मिलर ह्या दोघांनी ब्रिटनमधल्या फिलिपिनो आया आणि त्यांची मागे राहिलेली मुलं, दोघांनाही भेटून 2012 मध्ये पुस्तक लिहिलं. आया म्हणतात, मोबाइल आला आणि आम्ही पुन्हा आई झालो. मुलांचं म्हणणं इतकं सरळ नाही. ज्यांचं लहानपण महिन्याला एका पत्रावर गेलं, त्यांच्या मनात आईची एक मूर्ती तयार झाली होती. आता अचानक तीच आई दिवसातून पाच वेळा 'कुठे आहेस, जेवलास का' विचारणार, तर बऱ्याच जणांना ती पाळत वाटली. लेटन्सी कमी झाली की नातं आपोआप सुधारतं, असा आपल्या क्षेत्राचा एक भाबडा समज आहे. असो.

पगाराचं थोडक्यात सांगतो. 1999 च्या आधी हाँगकाँगमधला घरकामगारांचा किमान पगार महिना 3,860 हाँगकाँग डॉलर होता. तो आधी थोडा घसरला, मग 2003 मध्ये एकदम 400 ने कापून 3,270 वर आला. त्याच वर्षी मालकांवर दर महिना 400 चाच नवा कर बसला. दोन्ही आकडे सारखे हा निव्वळ योगायोग आहे असं सरकार म्हणालं. जुना 3,860 चा आकडा ओलांडायला 2012 उजाडलं.

आता मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट. मी तिथे गेलो तो नोकरीच्या साध्या व्हिसावर. लग्न झालेल्या सहकाऱ्यांनी बायका-मुलांना आणलं होतं, मुलं तिथल्या शाळेत जात होती. सलग सात वर्षं काढली की कायमच्या रहिवासाचा अर्ज. त्याच बिल्डिंगमध्ये, त्याच लिफ्टमधून ये-जा करणाऱ्या फिलिपिनो बाईला ह्यातलं काहीच नाही. करार दोन वर्षांचा, राहायचं मालकाच्याच घरात. करार मोडला तर 1987 च्या नियमाप्रमाणे साधारण दोन आठवड्यांत देश सोडायचा. मुलांना आणायची परवानगी नाही, आणि सात काय सत्तावीस वर्षं राहिली तरी ती रहिवासासाठी मोजली जात नाहीत, असं कायद्यातच लिहिलंय.

इव्हान्जेलिन वायेहोस ह्या बाईंनी ह्याला कोर्टात आव्हान दिलं. पाच मुलांची आई, 1986 पासून हाँगकाँगमध्ये. 30 सप्टेंबर 2011 ला उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. शहरात हलकल्लोळ. आता लाखभर बायका अर्ज करणार, मग त्यांची मुलं येणार, मग शाळा-दवाखाने भरणार! 2012 मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला आणि 25 मार्च 2013 ला अंतिम न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने बाईंच्या विरोधात निकाल दिला. एक कारण असं, की कुटुंबाला आणता येणार नाही आणि करार संपल्यावर परत जायचंय, हे ह्या बायकांना आधीच सांगितलेलं असतं, म्हणून त्यांचं तिथलं राहणं हे 'सामान्य वास्तव्य' नाही. मी निकालाबद्दल वाचलं तेव्हा तर्क समजला. म्हणजे कुटुंबापासून आधी तोडायचं, आणि मग कुटुंब इथे नाही म्हणून तुम्ही इथल्या नाही म्हणायचं. कोडमध्ये ह्याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात आणि कंपायलर तिथेच थांबतो. कोर्ट थांबलं नाही.

तरी ह्या नियमात एक फट आहे. सीझा क्रूझ बकानी ही आज नावाजलेली छायाचित्रकार. ती लहान असतानाच तिची आई घरकामाला हाँगकाँगला गेली आणि धाकट्या भावंडांना सीझाने सांभाळलं. 2006 मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, तीही हाँगकाँगला आली. नोकरी मिळाली ती आई जिथे कामाला होती त्याच घरात. मालकीणबाईंनी कॅमेऱ्यासाठी पैसे उसने दिले, आणि सुट्टीच्या दिवशी ती रस्त्यावर फोटो काढत हिंडू लागली. 2015 मध्ये तिला मॅग्नम फाउंडेशनची फेलोशिप मिळून ती न्यूयॉर्कला गेली. तोवर जवळजवळ दहा वर्षं मायलेकी एका छपराखाली राहिल्या, दोन वेगवेगळ्या करारांवर.