पनामा सिटीत हलाल आठवडा, आणि त्यामागची पाचशे वर्षं

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

रत्नागिरीकडचा माझा एक वर्गमित्र आयुष्यभर बोटीवर होता. कोकणातल्या मुसलमान घरांना हे नवं नाही, काही गावांत तर घरटी एक माणूस बोटीवर. पनामाचा कालवा त्याने कितीदा ओलांडला ते त्यालाही सांगता येत नाही, पण पनामा शहरात पाऊल एकदाही ठेवलं नाही. बोट थांबते कुठे? आता निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन आठवडाभर निवांत जायचं म्हणतोय. मला एवढंच विचारलं, "तिकडे आपल्याला खायला काय मिळेल रे? आणि जुम्म्याचं काय?"

मी पडलो इतिहासाचा मास्तर. साध्या प्रश्नाला साधं उत्तर देणं जमत नाही.

साधं उत्तर असं की काळजी नको. शहरात जामा मशीद आहे. गुजरातेतून गेलेल्या मुसलमानांची जुनी वस्ती आहे, अरब व्यापारी आहेत, त्यांच्यामुळे हलाल मटण-चिकन मिळतं. शिवाय शहर समुद्रकाठी. मासळी बाजारात कोर्व्हिना मिळतो, तो आपल्या घोळीच्या कुळातला. लिंबाच्या रसात मुरवून त्याचं सेव्हिचे करतात. सोबत पाताकोनेस, म्हणजे कच्ची केळी तळून, ठेचून, परत तळलेली. कोकणी माणूस उपाशी मरणार नाही. साध्या खाणावळीला तिथे फोंदा म्हणतात. तिथलं सांकोचो, म्हणजे आपल्या कोनफळाचा भाऊबंद असलेला कंद घालून केलेला कोंबडीचा रस्सा, फार नावाजलेलं आहे. पण तिथली कोंबडी हलाल नसते, त्यामुळे ते एखाद्या मुसलमान घरी जेवायचा योग आला तरच. दोन शब्द मात्र पाठ करून जायचे. सेर्दो म्हणजे डुक्कर, आणि मान्तेका म्हणजे बहुतेक वेळा त्याची चरबी. घेवड्याच्या निरुपद्रवी उसळीतही ती असू शकते. चिचा हे फळांचं सरबत, खुशाल प्यावं. पण पुढे 'फुएर्ते' शब्द आला तर ते आंबवलेलं, हात जोडावेत.

इथे साधं उत्तर संपलं.

"सेर्दो नको" हे वाक्य आज खाणावळीत सहज म्हणता येतं. या शहराचा जन्म झाला तेव्हा स्पॅनिश राज्यात तेच वाक्य जिवावर बेतू शकत होतं. पेद्रारियास दाव्हिलाने १५ ऑगस्ट १५१९ रोजी हे शहर वसवलं (तारीख आपल्या ओळखीची, पण योगायोगच). त्या काळात स्पेनमध्ये धर्मन्यायालयं होती. ज्यांचा बळजबरीने बाप्तिस्मा झाला असे ज्यू आणि मुसलमान आतून जुनाच धर्म पाळतात का, हे शोधणं त्यांचं काम. पाळत कशावर ठेवायची? शुक्रवारी किंवा शनिवारी धुतलेले कपडे घालतो का, डुकराचं मांस टाळतो का. स्वयंपाकघर हाच पुरावा. मुसलमानांनी नव्या जगात पाऊल ठेवू नये असे हुकूम शतकाच्या सुरुवातीपासून निघत होते. १५२१ च्या नाताळात हिस्पानियोला बेटावर वोलोफ गुलामांनी उठाव केला, तेव्हा १५२६ मध्ये वोलोफ लोकांना परवान्याशिवाय आणायलाही बंदी झाली, कारण त्यांच्यात इस्लाम रुजलेला होता. हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागले याचा अर्थ आपण भारतीय लगेच ओळखू. ते पाळले जात नव्हते.

म्हणजे या भागात पहिले मुसलमान आले ते बेड्यांमध्ये, आणि कायद्याने ते तिथे नव्हतेच.

यातूनच बायानोची गोष्ट येते. १५५० च्या दशकात पनामाच्या पूर्वेकडच्या जंगलात पळून गेलेल्या गुलामांनी आपली वस्ती उभी केली. बायानो त्यांचा राजा. पेरूप्रांताच्या व्हाइसरॉयने पेद्रो दे उर्सुआला त्याच्यावर पाठवलं. जंगलात लढून काही होईना, तेव्हा उर्सुआने तहाची बोलणी केली, दोस्ती केली, मेजवानी दिली आणि मद्यात गुंगीचं औषध मिसळून त्याला पकडलं. मलिक अंबर हबशांच्या देशातून गुलाम म्हणून येऊन दख्खनचा कारभारी झाला हे आपल्या मातीत घडलं, म्हणून बायानो मला फार परका वाटत नाही.

आता एक खुलासा. 'हलाल पर्यटन' वाल्या लिखाणात बायानोने जंगलात मशिदी बांधल्या असं छातीठोकपणे सांगितलेलं असतं. माझ्या मते हे ओढून-ताणून आहे. तो पश्चिम आफ्रिकेतला मांदिंका मुसलमान असावा, हा तर्क नंतरच्या अभ्यासकांचा. आगुआदो नावाच्या पाद्र्याच्या बखरीत मात्र या लोकांचा स्वतःचा एक 'बिशप' होता, तो त्यांच्यासाठी प्रार्थना करायचा, असं वर्णन आहे. आणि बायानो मद्याच्या पेल्यानेच फसला. इस्लाम, चर्च आणि आफ्रिकेतल्या घरच्या चालीरीती यांची सरमिसळ तिथे झाली असणार. बायानो मोठा होण्यासाठी त्याला आपल्या खात्यात जमा करून घ्यायची गरज नाही. त्याच्या पाडावानंतरही पळालेले गुलाम लढत राहिले. १५७३ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने स्पेनची चांदी वाहणारे खेचरांचे तांडे लुटले ते त्यांच्याच मदतीने. पुढे स्पेनला त्यांच्याशी तह करून त्यांची स्वतंत्र गावं मान्य करावी लागली. शहराच्या पूर्वेला आज बायानो नदी आहे, आणि १९७६ मध्ये धरण झाल्यावर तयार झालेलं बायानो सरोवरही. त्या धरणाने गुना आणि एम्बेरा आदिवासींना उठवलं, हेही लक्षात ठेवून तिथे जावं.

पुढची तीन शतकं मी पटकन उरकतो. १६७१ मध्ये हेन्री मॉर्गनच्या स्वारीत जुनं शहर जळलं, १६७३ मध्ये थोडं पश्चिमेला नवं वसलं. तोच आजचा कास्को व्हिएहो, पर्यटकांचा लाडका.

मग कालवा. फ्रेंचांनी १८८१ मध्ये सुरुवात केली आणि हात टेकले. अमेरिकेने १९०४ मध्ये हाती घेऊन १५ ऑगस्ट १९१४ ला पहिली बोट अधिकृतपणे पार केली. (पुन्हा तीच तारीख!) अमेरिकन काळातले अधिकृत मृत्यू ५,६०९, त्यात बहुसंख्य वेस्ट इंडिज बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय मजूर. पगाराच्या दोन याद्या होत्या. गोऱ्या अमेरिकनांची 'सोन्याची', बाकीच्यांची 'चांदीची'. दुकानं, राहण्याच्या जागा, पोस्टाच्या खिडक्यासुद्धा सोन्याच्या आणि चांदीच्या. मिराफ्लोरेसला बोटी वर-खाली होताना सगळे पाहतात. मित्राने हे एकदा बोटीवरून नाही तर काठावरून बघावं, आणि ही याद्यांची गोष्ट आठवावी.

या कालव्याच्या गर्दीत आपल्या उपखंडातले हिंदू, मुसलमान, शीख तिथे पोचले. स्वागत कसं झालं? १९०४ मध्येच, देश जेमतेम काही महिन्यांचा असताना, चिनी, तुर्क आणि सीरियन लोकांना येण्यास बंदी करणारा कायदा झाला. आणि १९४१ मध्ये अर्नुल्फो आरियास यांच्या काळात तर थेट राज्यघटनेत लिहिलं गेलं की ज्यांची मूळ भाषा स्पॅनिश नाही असे कृष्णवर्णीय, पिवळ्या वंशाचे लोक, आणि हिंदुस्थान, आशिया मायनर व उत्तर आफ्रिकेतले वंश यांना स्थलांतराला मनाई. राज्यघटनेत, बरं का! किरकोळ व्यापार 'आपल्या' लोकांसाठी राखून ठेवला. त्याचा सर्वांत मोठा फटका चिनी दुकानदारांना बसला. आरियास त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पायउतार झाले, १९४६ च्या नव्या घटनेतून ते कलम गेलं. तोवर किती जणांनी गाशा गुंडाळला असेल, किती जण नातेवाइकांच्या नावावर दुकान चालवून तगले असतील, याचा विचार करा.

आज माझ्या मित्राला जी हलाल कोंबडी मिळणार आहे ती कुठल्या पर्यटन खात्याच्या कृपेने नव्हे. ज्यांना घटनेने 'नको' म्हटलं, ते चिकाटीने राहिले, मशीद बांधली, खाटकाची व्यवस्था केली, मुलांच्या शाळा काढल्या, त्यांच्यामुळे मिळणार आहे. गंमत म्हणजे तिथे त्याला 'हिंदू' म्हणतील. स्पॅनिशमध्ये 'इंदिओ' म्हणजे मूळ आदिवासी, म्हणून भारतातून आलेला कुठल्याही धर्माचा माणूस बोलीत 'हिंदू'च. रत्नागिरीचा नमाजी माणूसही! मी त्याला आधीच सांगून ठेवलंय.

आता आठवड्याचं. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा हंगाम, तेव्हाच जावं, एरवी पाऊस आपल्या आषाढासारखा. रोज एकच ठिकाण. पहिले दोन दिवस जेट लॅग घालवायला समुद्राकाठचा रस्ता पुरेसा आहे. पैसे बदलायचा ताप नाही, अमेरिकन डॉलरच चालतो. एक सकाळ जुन्या शहराच्या अवशेषांत, ऊन चढायच्या आत. तिथे चर्चचा मनोरा सगळे बघतात. पण गुलामांच्या व्यापाराचा ठेका घेतलेल्या जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांच्या घराच्या भिंतीही तिथेच उभ्या आहेत, त्या चुकवू नयेत. एक दिवस आंकोन टेकडी, एक दिवस ताबोगा बेट. शुक्रवार मोकळा ठेवायचा, जुम्म्यासाठी.

दिशेची एक अडचण येईल. आपल्याकडे नमाजाला पश्चिमेकडे तोंड करायची सवय. तिथून मक्का पूर्वेला, थोडी उत्तरेकडे झुकून. त्यात पनामाचा भूगोल असा वाकडा की शहरातून पॅसिफिकवर सूर्य उगवताना दिसतो, आणि अटलांटिकहून पॅसिफिकला जाणारी बोट पूर्वेकडे सरकते. हे मी त्याला सांगायला गेलो तर म्हणाला, "मास्तर, ते मला नका शिकवू. कंपास मी बघितलाय. तुम्ही फक्त ते डुकराच्या चरबीचं नाव परत सांगा."

मान्तेका.