गुत्ता आणि पिंप

गेल्या नाताळाच्या सुमारास आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी सुटीवर लातूरला आली. ती इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. तिने माझ्या हाती वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काळसर बाटली ठेवली आणि म्हणाली, "फादर, काही वर्षांपूर्वी घेऊन ठेवली होती. मठाच्या गावची आहे, म्हणून तुमच्यासाठी आणली." बाटली बियरची होती, 'स्ट्राँग सफक' असे तिचे नाव. ज्या धर्मगुरूने वीस-पंचवीस वर्षे व्यासपीठावरून दारूविरुद्ध प्रवचने केली, त्याला ही भेट देताना ती भगिनी किंचित हसली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

बाटली उघडली त्या संध्याकाळी माझ्याकडे पाहुणे होते. नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुक्यातले एक गृहस्थ, आमच्या एका धर्मशिक्षकाचे वडील, वयाने पंचाहत्तरीच्या पुढचे. त्यांचे आजोबा आणि वडील शिंदीच्या झाडावर चढून रस काढीत, आणि विशी-पंचविशीत असताना त्यांनी स्वतःही तेच काम केले होते. दोन काचेच्या पेल्यांत मी ती थोडी थोडी ओतली. रंग काळा वाटला, पण पेला दिव्यासमोर धरला तेव्हा आतून जांभळाच्या रसासारखा तांबूस उजेड दिसला. वास प्रथम जळलेल्या गुळाचा, मग ओल्या लाकडाचा, आणि शेवटी नाकाला चाटून जाणारा आंबूस. जिभेवर गोडवा येतो न येतो तोच मागून आंबटपणा येतो, त्यामागून लोखंडाच्या खिळ्याची असते तशी चव, आणि घोट उतरल्यावर लाकडाचा तुरटपणा बराच वेळ रेंगाळतो. ती थंडगार नव्हती, आणि नसावीच; बर्फात ठेवली असती तर यांतले निम्मे काहीच कळले नसते. पाहुण्यांनी पेला नाकाशी धरला, डोळे मिटले, एक घोट घेतला आणि म्हणाले, "फादर, हे आंबलंय खरं, पण नासलेलं न्हाई."

मी पुढे पुस्तकांतून जे वाचले त्याचा अर्क या एका वाक्यात होता. ही बियर दोन बियरींच्या मिश्रणातून तयार होत असे. एक जुनी, एक नवी. जुनीचे नाव 'ओल्ड फाइव्ह एक्स'. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण सुमारे १२ टक्के. ती ओक लाकडाच्या प्रचंड पिंपांत किमान दोन वर्षे पडून राही. एकेका पिंपात शंभर बॅरल, म्हणजे सोळा हजार लिटरांच्या वर बियर मावे, आणि त्याच्या झाकणावर सफक परगण्यातील चुनखडीच्या मातीचा थर पसरलेला असे. लाकडाच्या छिद्रांत वस्तीला असलेले सूक्ष्म जीव त्या दोन वर्षांत आपले काम संथपणे करीत आणि बियरला आंबूस करीत. एवढी जुनी बियर नुसती पिणे जड जाते. म्हणून तिच्यात सुमारे ५ टक्क्यांची ताजी काळसर बियर मिसळीत आणि ६ टक्क्यांच्या आसपासचे मिश्रण बाटलीत भरीत. नवीने गोडवा आणि जोम द्यावा, जुनीने खोली द्यावी, असा तो करार. अठराव्या शतकात लंडनमध्ये पोर्टर नावाची काळी बियर लोकप्रिय होती, तेव्हाही मुरलेली आणि ताजी बियर एकत्र करण्याची चाल होती. पुढे बाजाराला घाई झाली आणि ती मागे पडली. आपल्याकडच्या दुकानांत 'स्ट्राँग' या शब्दाचा अर्थ फार तर 'लवकर चढणारी' एवढाच उरला आहे, आणि भारतात खपणाऱ्या बियरमध्ये मोठा वाटा तिचाच आहे. असो.

ती पिंपे ज्या गावात होती त्याचे नाव बेरी सेंट एडमंड्स. इ. स. ८६९ मध्ये डेन लोकांनी मारलेला ख्रिस्ती राजा एडमंड याचे अवशेष येथे आणले गेले. राजा कनूट याच्या काळात, १०२० मध्ये, येथे बेनेदिक्त संघाचा मठ उभा राहिला. १०८६ च्या 'डूम्सडे बुक' या प्रसिद्ध नोंदवहीत मठाच्या सेवेतील बियर बनवणाऱ्यांचा उल्लेख आहे. संत बेनेदिक्त यांनी सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमावलीच्या चाळिसाव्या अध्यायात मद्याचा विचार केला आहे. मठवासीयांनी मद्य घेऊच नये हे उत्तम, पण आजकाल हे त्यांना पटवता येत नाही, तेव्हा निदान माफक घ्यावे, असा त्यांचा सूर आहे. सेमिनरीत हा भाग वाचताना आम्ही विद्यार्थी हसलो होतो. आता त्यातली हताशा अधिक जाणवते. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ मोडला. आज तिथे भग्न भिंती आणि बाग आहे.

पुढे १७९९ मध्ये त्याच गावात बेंजामिन ग्रीन नावाच्या माणसाने बियरचा व्यवसाय सुरू केला. तोच वाढून 'ग्रीन किंग' ही कंपनी झाली. ग्रीनचा दुसरा जीव साखरेत होता. वेस्ट इंडिज बेटांवरील उसाच्या मळ्यांशी त्याचे हितसंबंध होते आणि गुलामगिरी टिकावी म्हणून तो हिरिरीने लिहीत असे. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपली तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना नव्हे. ग्रीनच्या नावावर २३१ माणसे होती. त्यांच्याबद्दल त्याने रीतसर रक्कम घेतली. २०२० मध्ये कंपनीने याबद्दल जाहीर क्षमा मागितली. लाकडी पिंपात बियर दोन वर्षे निजू द्यायची तर दोन वर्षे त्या मालाचा पैसा येत नाही. ती कळ सोसायला मागे दुसरी मिळकत असावी लागते. बेंजामिन ग्रीनच्या घराण्याची एक मिळकत कुठून येत होती, हे त्या २३१ जणांना ठाऊक होते.

याच बेंजामिनचा पणतू म्हणजे आपल्या वाचकांना परिचित असलेला कॅथलिक कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन. १९८४ मध्ये त्याच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त कंपनीने आपल्या 'सेंट एडमंड्स' बियरची खास आवृत्ती काढली होती. त्याच्या १९४० च्या 'द पॉवर अँड द ग्लोरी' या कादंबरीत मेक्सिकोतील एक फरारी, व्यसनी धर्मगुरू मिस्सासाठी चोरून द्राक्षारस मिळवतो आणि सत्तेची माणसे ती बाटली त्याच्या डोळ्यांदेखत रिकामी करतात. मद्यघराण्यात जन्मलेल्या लेखकाने लिहिलेला हा प्रसंग मला नेहमी अस्वस्थ करतो.

आता पाहुण्यांकडे येतो. शिंदीचा रस पिंपात मुरत नाही. पहाटे झाडावरून मडके उतरवले की ती नीरा. ऊन वर आले की तिला फेस येतो. संध्याकाळी ती चढते. दुसऱ्या दिवशी ती आंब होते, माणसाच्या कामाची राहत नाही. "शिंदीला थांबा म्हणून चालत न्हाई, फादर," पाहुणे म्हणाले. किनवट-माहूरच्या रानात मोहाचे फूल सुकवून ठेवता येते, पण त्यातून काढलेलीही बहुधा त्याच सणाला संपते. मी आजवर हे आमच्या लोकांच्या अधीरपणाचे लक्षण समजत होतो. खरे पाहता एक कारण उष्ण हवेचे आहे, आणि दुसरे सरकारी वहीचे.

नांदेड आणि लातूर हे दोन्ही प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, तर उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात. संस्थानात जमीन महसुलाच्या खालोखाल मोठे उत्पन्न आबकारीचे होते. शिंदी काढण्याचा आणि दारू विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. या ठेक्याला शब्द होता 'गुत्ता'. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला 'गुत्तेदार' म्हणतात, मग तो रस्त्याचा असो की शाळेच्या इमारतीचा. उर्वरित महाराष्ट्रात मात्र 'गुत्ता' म्हणजे दारूचे दुकान एवढाच अर्थ राहिला. मी स्वतः प्रवचनांत हा शब्द पापाच्या जागेचे नाव म्हणून शेकडो वेळा वापरला असेन. तो मुळात महसुलाचा शब्द आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ज्याने लिलावात बोली लावली त्याला ती रक्कम वसूल करायची असे. म्हणून रस रोज निघाला पाहिजे आणि रोज खपला पाहिजे. झाडावर चढणाऱ्याच्या वाट्याला मजुरी, पिणाऱ्याच्या वाट्याला उधारी. मुरवत ठेवायला सवड कोणाला होती?

स्वातंत्र्यलढ्यातील लोकांनी हे हिशेब अचूक ओळखले होते. १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याचा लढा पुकारला, तेव्हा लेव्हीचे धान्य नाकारणे, करोडगिरीची नाकी उठवणे आणि जंगल सत्याग्रह यांच्या बरोबरीने शिंदीची झाडे तोडणे हाही एक कार्यक्रम होता. निजामाच्या तिजोरीवर घाव घालण्याचा तो सरळ मार्ग. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान संपले. आज नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव आहे, ते योग्यच आहे.

हे मी पाहुण्यांना काहीशा अभिमानाने सांगत होतो. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आमच्या आज्याची बी झाडं तोडली होती. रात्री तोडली. आज्या सकाळी मडकी घेऊन गेला तर नुसती खोडं. त्यो म्हणायचा, पैका निजामाचा, पर भाकर माझी होती." आजोबा रझाकारांच्या बाजूचे होते का, असे मी विचारले. "न्हाई. मिरवणुकीत त्योच पुढं होता." हा प्रसंग मी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही. झाडे तोडणाऱ्यांना मी दोष देऊ शकत नाही, आणि त्या माणसाची मडकीही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

त्यानंतरचा इतिहास लवकर सांगता येतो. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा येथे लागू झाला. धर्मविधीच्या द्राक्षारसाला कायद्याने वाट ठेवली होती, पण परवाना लागे. ग्रीनच्या कादंबरीतील बाटलीची आठवण आमच्या ज्येष्ठ धर्मगुरूंना तेव्हा झाली असली तर नवल नाही. पुढे बंदी सैल झाली आणि परवान्याची 'देशी' आली. ती साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची. लातूर आणि नांदेड हे उसाचे जिल्हे झाले होतेच. बेंजामिन ग्रीनने साखरेचा पैसा बियरच्या गावात नेला; आमच्याकडे साखरेच्या गाळातून थेट दारू निघाली, आणि ऊस तोडणारा माणूस संध्याकाळी तीच विकत घेऊ लागला. तिला ना झाड, ना लाकूड, ना ऋतू.

रात्री उशीर झाला. बाटलीच्या तळाशी दोन बोटे बियर उरली होती, ती मी पाहुण्यांच्या पेल्यात ओतली. त्यांनी ती लगेच प्यायली नाही. पेला हातात धरून बसले आणि ते लाकूड कोणते, दोन वर्षे कोणी राखण करते का, मधल्या काळात त्या मजुरांना पगार मिळतो का, असे विचारत राहिले. पगार मिळत असावा, असे मी म्हणालो. सकाळी बिलोलीकडे निघताना त्यांनी रिकामी बाटली मागितली. काच जाड आहे, बूच चांगले बसते, करडीच्या तेलाला बरी, असे म्हणाले. मी ती धुऊन दिली.