नाव सांगावे, मत सांगू नये

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या बैठकीत एकदा प्रश्न निघाला होता की, मतदानाच्या दिवसाआधीच घेतलेले मत गुप्त राहते तरी कसे? मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. कायद्याची पंडित नव्हे. परंतु हा इतिहास आपणा बायकांच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जमेल तसा मांडते.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक बहुतेक ठिकाणी १९५२ च्या आरंभी झाली. परंतु हिमाचलातील चिनी नावाच्या तालुक्यात हिवाळ्यात बर्फाने वाटा बंद होतात, म्हणून तेथील लोकांनी ता. २५ ऑक्टोबर १९५१ रोजीच मते दिली. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. आडोशाला जाऊन मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची; तिच्यावर काही लिहायचे नाही. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कोणाची मदत मागावी लागत नसे.

मात्र त्याच निवडणुकीत एक दुःखाची गोष्ट घडली. याद्या करताना पुष्कळ बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. सुमारे २८ लाख बायका यादीतून गळल्या.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील वृद्धांना व ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांना, आधी अर्ज केल्यास, घरीच मत देण्याची सोय होती. आमच्या सासूबाईंनी तसे मत दिले. कर्मचाऱ्यांनी टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. थोरले भाऊजी कौतुकाने पुढे झाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, तू जरा बाहेर बैस."

खूण केलेली मतपत्रिका त्यांनी लहान पाकिटात घालून बंद केली. मग ते पाकीट व सहीचे घोषणापत्र मोठ्या पाकिटात गेले. मोजणी ४ जूनला झाली. मोजणीच्या वेळी मोठे पाकीट उघडून आधी घोषणापत्र तपासतात. योग्य ठरलेली सारी घोषणापत्रे वेगळी काढून मोहोरबंद करतात, आणि त्यानंतरच लहान पाकिटे उघडतात. म्हणजे नाव एकीकडे राहते व मत दुसरीकडे जाते.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे ही गुप्तता मोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मत कोणाला दिले, हे सांगण्याची सक्ती आपल्यावर कोर्टातसुद्धा करता येत नाही. मग घरात कोणी दरडावून विचारले, तर उत्तर देण्यास आपण बांधलेल्या आहोत काय?

म्हणून भगिनींनो, यादीत आपले नाव आपल्या तोंडाने सांगावे. मत मात्र पोटात ठेवावे.