डबे खरे, पण गाडी?



आज मी तुमच्याशी लहान आगगाडीविषयी बोलणार आहे. टेबलावर रूळ मांडून चालवायची, मुलांच्या खेळातली वाटावी अशी ही गाडी. पण युरोपात पोक्त वयाची, शिकलीसवरलेली माणसेही या छंदात रात्री जागवतात. त्यांचे सर्वांत रूढ माप १ ला ८७ असे आहे. म्हणजे खरा डबा साडेतेवीस मीटर लांब असेल, तर टेबलावरचा २७ सेंटिमीटर भरतो. त्यातही कारखानदार पुष्कळदा डबा मापापेक्षा आखूड करतात, कारण पुरा लांबीचा डबा टेबलावरच्या तीव्र वळणावर अडतो. मग आखूड डब्याशेजारी पुऱ्या लांबीचा डबा जोडला, की गाडी डोळ्याला खुपते.

पण ही चूक मोजपट्टीने सापडते. दुसरी एक चूक मोजपट्टीला सापडत नाही, तिच्यासाठी इतिहासच लागतो. प्रत्येक डबा अगदी हुबेहूब असतो, आणि तरीही गाडी खोटी असते. ते कसे, हे एका प्रसिद्ध गाडीवरून पाहू.

जॉर्ज नागेलमाकर्स हा बेल्जियमचा गृहस्थ. अमेरिकेच्या प्रवासात त्याने पुलमनचे झोपण्याचे डबे पाहिले आणि १८७६ साली युरोपात ‘वागाँ-ली’ म्हणजे शयनयानांची कंपनी काढली. तिचीच ओरिएंट एक्स्प्रेस ४ ऑक्टोबर १८८३ रोजी पॅरिसहून निघाली. डबे सागवानी, वर चकचकीत रोगण. आता हीच १८८३ ची गाडी कोणी टेबलावर इस्तंबूलच्या सिर्केजी स्टेशनात उभी केली, तर काय होईल? पहिले उतारू रुमानियात डॅन्यूब नदी नावेने ओलांडून पलीकडे दुसऱ्या गाडीत बसले आणि वार्ना बंदरातून आगबोटीने कॉन्स्टँटिनोपलला पोचले. गाडी थेट तिथवर जाऊ लागली ती १८८९ पासून, आणि सिर्केजीची इमारत उघडली १८९० मध्ये. गाडी खरी, स्टेशनही खरे; त्यांची गाठ मात्र कधी पडली नाही.

पुढे डबेच बदलले. १९२२ साली कंपनीने पोलादी शयनयाने आणली. निळा रंग आणि त्यावर सोनेरी रेघा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅलेहून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याकडे जाणारी गाडी या डब्यांची झाली, आणि लोक तिला ‘निळी गाडी’ म्हणू लागले. अर्थात जुने सागवानी डबे काही एका दिवसात मोडीत निघाले नाहीत. म्हणून दोन्ही जातींचे डबे एकत्र दिसले की लगेच नाक मुरडू नये. ‘ही कोणत्या सालची गाडी?’ असे आधी विचारावे.

सालाबरोबर ठिकाणही विचारावे लागते. सिम्प्लॉन-ओरिएंट एक्स्प्रेस १९१९ साली सुरू झाली. ती पॅरिसला होती तशी शेवटपर्यंत राहतच नसे. बुखारेस्टचे डबे विंकोव्हत्सीला सुटत, अथेन्सचे नीश स्टेशनात. शयनयाने कंपनीची असली, तरी इंजिन ज्या त्या देशाचे. तेव्हा फ्रेंच इंजिनाला सर्बियात जोडले, तर डबे कितीही बिनचूक असोत, जुळणी फसली.

आणखी एक घोटाळा पाहा. याच कंपनीचे पुलमन डबे दिवसाच्या प्रवासाचे. आत आरामखुर्च्या, समोर मेज, झोपायची सोय नाही. पॅरिस-कॅले मार्गावर १९२६ साली सुरू झालेली ‘सोनेरी बाण’ गाडी अशा डब्यांची होती. रात्रीच्या शयनयानांत पुलमन मिसळण्याचे कारण नव्हते. पण १९८२ साली लंडन आणि व्हेनिस यांना जोडणारी एक हौशी प्रवाशांची गाडी जुने डबे दुरुस्त करून सुरू झाली. तिच्यात १९२० नंतरच्या दशकातली शयनयाने आहेत आणि जुने पुलमन जेवणासाठी वापरले आहेत. त्यांतला ४१४१ क्रमांकाचा डबा १९२९ चा, रने लालिकच्या काचेच्या कलाकामाने सजलेला. एकेक डबा अस्सल आहे. पण ही गाडी पाहून कोणी ‘१९३० ची ओरिएंट एक्स्प्रेस’ म्हणून प्रतिकृती केली, तर ती त्या सालची होणार नाही. ती १९८२ नंतरची गाडी आहे, आणि तशीच मांडली तर काही बिघडत नाही.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर डेक्कन क्वीन घ्या. १ जून १९३० ला ती सुरू झाली, तेव्हा सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, लाल पट्ट्यांचा. दुसरा गर्द निळा, सोनेरी रेघांचा. सांगाडे इंग्लंडातले, वरचा साज माटुंग्याच्या कारखान्यातला. १९६६ साली हे डबे बदलून पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे आले. कोणी हौसेने एक डबा रुपेरी, एक निळा अशी गाडी केली, तर दिसायला सुरेख, पण त्या दोन संचांपैकी एकाचीही नव्हे.

हे सगळे कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून एकाच डब्याची हकिकत सांगतो.

याच कंपनीचा २४१९ क्रमांकाचा सागवानी भोजनाचा डबा १९१४ साली पॅरिसजवळ सँ-देनी येथे बांधला गेला. पहिल्या महायुद्धात तो सेनापती फॉश यांची कचेरी झाला, आणि ११ नोव्हेंबर १९१८ च्या पहाटे काँप्येनच्या रानात, त्याच डब्यात जर्मनीने युद्धतहावर सही केली. फ्रान्सने तो डबा स्मारक म्हणून जपला. २२ जून १९४० ला हिटलरने मुद्दाम त्याच जागी, त्याच डब्यात फ्रान्सला सही करायला लावली, आणि डबा बर्लिनला नेला. १९४५ साली जर्मनीत तो नष्ट झाला.

आज काँप्येनला डबा दिसतो. तो २४३९ क्रमांकाचा, त्याच मालिकेतला, १९५० साली कंपनीने दिलेला. आत सामान पूर्वीसारखे मांडले आणि बाहेर क्रमांक २४१९ घातला. जुळणी अगदी बारकाईने केली आहे. तरी ज्या भिंतींनी ती सही ऐकली, त्या आता नाहीत. म्हणून हा सख्खा भाऊ आहे, तोच नव्हे, हे पाहणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. ते सांगितले, तर हा डबा आपल्याला दोन्ही युद्धांचा इतिहास शिकवतो. लपवले, तर १९४५ साली काय जळाले, हेच माणसे विसरतील.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. वर्गात पुठ्ठ्याची आगगाडी करा, आपल्या तालुक्यातून जाणारी केली तरी चालेल. मुलांना रंगवू द्या, चाके लावू द्या. शेवटी गाडीखाली एक चिठ्ठी चिकटवायला सांगा: ही गाडी कोणत्या सालची, कोणत्या मार्गावरची, आणि यातले काय आम्ही अंदाजाने केले. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, जुनी छायाचित्रे मागा, स्टेशनवर जुन्या नोकरांना भेटा. दोघांचे सांगणे जुळले नाही, तर दोन्ही लिहून ठेवा. चिठ्ठी लिहिताना मुले जी विचारपूस करतील, तिलाच आम्ही कॉलेजात इतिहासाचा अभ्यास म्हणतो.