नारा
जपानची प्राचीन राजधानी व होन्शू बेटावरील नारा प्रांताचे मुख्य ठिकाण. ७१० मध्ये सम्राज्ञी गेम्मेई हिने चीनमधील चांगआन नगराच्या धर्तीवर येथे काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची राजधानी वसविली. ७८४ मध्ये राजधानी हलविल्यावर राजवाड्याच्या जागी भातशेती झाली. मंदिरे मात्र टिकून राहिली.

शहराच्या पूर्व भागातील प्रमुख वास्तू एका दिवसात पायी पाहता येतात. पश्चिमेकडून प्रथम फुजिवारा घराण्याचे कोफुकुजी मंदिर लागते. त्याचा पाचमजली पॅगोडा १४२६ मध्ये पुन्हा बांधलेला आहे. ईशान्येस तोदाइजी हे मंदिर असून त्यात ब्राँझची सु. १५ मी. उंच बुद्धमूर्ती आहे. देवीच्या साथीने (७३५–३७) देश हादरल्यानंतर सम्राट शोमूने ७४३ मध्ये तिचा संकल्प सोडला. तिचे नेत्रोन्मीलन ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले. ११८० व १५६७ मधील युद्धांत मंदिर जळाले. मूर्तीचे सध्याचे मस्तक सतराव्या शतकातील, तर १७०९ मध्ये पूर्ण झालेले सभागृह मूळच्या सु. दोन-तृतीयांश रुंदीचे आहे. आग्नेयीस कासुगा देवस्थान (स्थापना ७६८) असून त्याचा सु. वीस वर्षांनी जीर्णोद्धार करण्याची प्रथा आहे. उपवनातील हरणे या देवतेचे दूत मानली जातात.

अशा रीतीने या परिसरातील बऱ्याच वास्तू पुनर्रचित आहेत. आठव्या शतकातील मूळ काष्ठशिल्प पश्चिमेकडील तोशोदाइजी येथेही पाहता येते. चिनी भिक्षू गांजिन याने ७५९ मध्ये स्थापिलेल्या या मंदिराचे मुख्य सभागृह आगीतून बचावले आहे. नारा येथील स्मारकांचा १९९८ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.