नोंदवहीतील नाव आणि पुढील शिक्षण : गोंदिया परिसरातील दंतवैद्यकाच्या निमित्ताने

दंतवैद्यकाच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना महाविद्यालयांच्या स्थापनेची वर्षे क्रमाने मांडण्याचा प्रघात आहे. त्यात एक प्रश्न सहसा सुटून जातो. पदवी घेऊन आपल्या गावी परतलेल्या दंतवैद्याचे शिकणे पुढे चालू राहावे, अशी तजवीज कोणी केली होती काय? विद्यापीठाच्या केंद्रापासून दूर पडलेल्या गोंदियासारख्या भागात या प्रश्नाला विशेष वजन येते.

हिंदुस्थानात आधुनिक दंतवैद्यकाच्या अध्यापनाचा पाया डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास घातला. महाविद्यालयापाठोपाठ १९२५ मध्ये त्यांनी या विषयाचे एक नियतकालिकही सुरू केले. वस्तुतः व्यवसायात पडलेल्या माणसाच्या पुढील शिक्षणाचे हे आपल्याकडील पहिले साधन म्हणावयास हरकत नाही. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. गोंदिया हे हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावरील जंक्शन असल्याने ही दोन्ही केंद्रे एकाच रुळाच्या दोन टोकांना होती. परंतु मधल्या प्रदेशात कित्येक वर्षे काहीच नव्हते. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात तीन लाख लोकांमागे एक अर्हताप्राप्त दंतवैद्य असे प्रमाण दिलेले आहे. अशा वेळी असलेल्यांना अधिक शिकवावे, ही कल्पना मागे पडली आणि आधी संख्या वाढवावी हाच विचार प्रबळ ठरला, हे स्वाभाविकच होते.

१९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने व्यवसायास कायद्याची चौकट मिळाली आणि पुढच्या वर्षी भारतीय दंत परिषद स्थापन झाली. कायद्याने नोंदवहीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग केले. पहिल्यात मान्य अर्हता असणारे आले. दुसऱ्यात तशी अर्हता नसूनही काही वर्षे याच व्यवसायावर उपजीविका करीत आलेले. ही तडजोड व्यवहारी होती, आणि ती केली नसती तर लहान गावांतून दात काढण्यासही कोणी उरले नसते. मात्र नोंदवहीत नाव टिकविण्यासाठी कायद्याने नूतनीकरणाचे शुल्क सांगितले. ज्ञानाच्या नूतनीकरणाविषयी तो मूक राहिला. ‘नोंदणीकृत’ या शब्दातील ‘कृत’ हे भूतकालवाचक धातुसाधित आहे. क्रिया पूर्ण झाल्याचा अर्थ त्यातच आहे. कायद्याची समजूतही नेमकी हीच होती.

त्या सुमारास गोंदिया ही मध्यप्रांत व वऱ्हाडातील भंडारा जिल्ह्याची एक तहसील होती. १९५६ साली हा भाग मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. राज्य बदलले, राजधानी नागपूरहून मुंबईस गेली. दंतवैद्यकाचे शिक्षण मात्र जवळ आले नाही. इकडे शास्त्र थांबले नव्हते. लिग्नोकेन हे बधिरीकरणाचे औषध १९४८ मध्येच बाजारात आले, हवेच्या झोतावर फिरणारे वेगवान कोरणयंत्र १९५७ मध्ये. ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली स्वीडनमध्ये रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसविली. तिशीत नोंदणी झालेल्या माणसाचा व्यवसाय साठीपर्यंत चालतो असे धरले, तर त्याच्या हयातीतच त्याची विद्या दोनदा जुनी होत होती.

नागपूर येथे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली सुरू झाले. रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर का होईना, एक केंद्र झाले. १९९१ मध्ये सावंगी (मेघे) येथे दुसरे महाविद्यालय निघाले, १९९८ मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आले आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि पदव्युत्तर शिक्षण आणि निरंतर शिक्षण यांत भेद केला पाहिजे. तीन वर्षांच्या एम. डी. एस. साठी गावातला दवाखाना बंद करावा लागतो, आणि शिकून आलेला विशेषज्ञ बहुधा शहरातच राहतो. आठ तालुक्यांच्या जिल्ह्याला खरी गरज दुसऱ्या प्रकारच्या, आखूड पण पुन्हा पुन्हा मिळणाऱ्या शिक्षणाची. परिषदांनी पुढे निरंतर शिक्षणाचे गुणांक ठरविले, ते या दिशेने योग्य पाऊल होते. परंतु गुणांक व्याख्यानाच्या उपस्थितीवर मिळतात आणि व्याख्याने शहरात होतात.

या उणिवेची किंमत काय, हे एका रोगाच्या इतिहासावरून दिसते. तोंडातील श्लेष्मल त्वचेखाली तंतू साचून जबडा उघडेनासा होतो, त्या विकाराचे वर्णन श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांच्या संदर्भात केले; १९५३ मध्ये जोशी यांचा लेख प्रसिद्ध झाला, तो कान-नाक-घशाच्या नियतकालिकात. दंतवैद्याच्या टेबलावर तो पोचण्याचा संभव कमीच. १९५६ मध्ये पेमास्टर यांनी कर्करोगाशी त्याचा संबंध दाखविला, आणि १९६६ मध्ये पिंडबोर्ग व सिरसाट यांनी उपलब्ध माहितीचा परामर्श घेतला. म्हणजे १९५० साली पदवी घेतलेल्याच्या क्रमिक पुस्तकात हा रोग नव्हताच. पूर्व विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा घरोघरी पोचलेला. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील अभ्यासकांनी २००७ साली मध्य भारतातील अशा १,००० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी सुपारीचे व्यसन गेले नाही.

१९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. त्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी काय पोचते, हे पाहण्याजोगे आहे. उजळणीच्या वर्गात या रोगाची लक्षणे इंग्रजीतून सांगितली जातात. पहिले लक्षण मात्र रुग्णाच्या बोलण्यातच असते : जेवणातले तिखट त्याला सोसत नाही. गोंदियात ही तक्रार झाडीबोलीत येईल, पोवारीत येईल, गोंडीत किंवा हिंदीत येईल. उभी तीन बोटे तोंडात मावतात की नाही हे पाहावयास कोणतेही यंत्र लागत नाही. पण तिखटाची तक्रार ऐकून ते पाहण्याचे सुचावे लागते.